निलगिरीचे तेल : अंगावर ठीक, पोटात विष



पावसाळा असो की थंडी, वस्तीत घराघरांतून निलगिरीच्या तेलाचा वास येतो. सर्दी झाली, लाव निलगिरी. डोके दुखते, लाव निलगिरी. माझ्याही घरी ही बाटली आहे, पण ती सगळ्यात वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात असते. कारण सांगते.

मी वॉर्डात नर्स होते तेव्हा एका रात्री दोन वर्षांची मुलगी आली. लाईट गेलेली, आजीने खोकल्याचे औषध समजून निलगिरी एक चमचा पाजली. दोन्ही बाटल्या सारख्याच, छोट्या, एकाच खिडकीत ठेवलेल्या. पोर खोकली, ओकली, थोड्या वेळाने मान टाकली, मग फिट आली. मुलगी वाचली. आजी मात्र तीन दिवस जिन्यात बसून होती, कुणाशी बोलली नाही. तिला दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. बाटलीवर जे लिहिले होते ते इंग्रजीत, तेही मुंगीएवढ्या अक्षरांत.

हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. इंग्रजांनी 19व्या शतकात तमिळनाडूच्या निलगिरी डोंगरांत सरपणासाठी लावले, म्हणून आपण त्याला निलगिरी म्हणतो. पानांच्या तेलात सिनिओल हा घटक सर्वात जास्त. त्याच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, आतली सूज मात्र तशीच राहते. पोटात गेले की हेच तेल मेंदूवर परिणाम करते. लहान मुलाला 5 मिलीपेक्षा कमी, म्हणजे चहाचा चमचाभरही लागत नाही. “झाडपाल्याचे आहे, अपाय काय करणार?” असे बैठकीत हमखास विचारतात. धोत्राही झाडपालाच आहे ना!

दोन वर्षांखालच्या बाळाला हे तेल कुठेच लावू नका. कापूर-निलगिरीची पुरचुंडी गळ्यात बांधू नका. मोठ्या मुलांच्याही नाकाजवळ नको. ज्यांना फिट येतात त्यांनी लांबच राहावे. निलगिरी-कापराच्या बामनेही फिट आल्याचे रुग्ण बंगळूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. दमेकऱ्यांनाही उग्र वासाने धाप लागू शकते.

बाळाचे नाक चोंदले तर एक कप उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवा आणि दोन-दोन थेंब नाकात सोडा. पाणी रोज ताजे करा.

आणि तेल चोळत बसून न्यूमोनिया अंगावर काढू नका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, यातले काहीही दिसले तर त्याच वेळी दवाखाना गाठा. सकाळची वाट पाहू नका.

मोठ्या माणसांनी दुखऱ्या पाठीला, गुडघ्याला लावायला हरकत नाही. चमचाभर खोबरेल तेलात दोन-तीन थेंब पुरेत, जखमेवर नको. वाफ घ्यायची तर भांडे खाली उतरवल्यावर एक-दोन थेंब टाका, डोळे मिटा. हे तेल पेट घेते, म्हणून गॅस, स्टोव्ह, दिवा यांच्यापासून दूर ठेवा. दहा बाय दहाच्या खोलीत मुले पायात असताना उकळते पाणी जमिनीवर ठेवू नका. वाफेने भाजलेली मुले मी कमी पाहिली नाहीत.

घरकामात मात्र ते कामाचे आहे. नव्या ताटावरचा चिकट कागद, कपड्यावरचे डांबर कापसाच्या बोळ्याने निघते. आधी कोपऱ्यात लावून रंग जातो का बघा. डासांसाठी त्यावर भरवसा ठेवू नका, मच्छरदाणीच बांधा.

कुणी प्यायलेच तर ओकारी काढू नका, मिठाचे पाणी किंवा दूध पाजू नका. ओकताना तेल फुप्फुसात जाते. मूल पेंगत असेल तर कुशीवर झोपवा आणि 108 ला फोन करा. बरे दिसले तरी न्याच. बाटली सोबत घ्या, किती तेल उरले आहे ते डॉक्टरांना पाहता येते.