चढ आणि उतार

मुलांनो, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत तुम्ही पाळण्यात बसला असाल. पूर्वी जत्रेतले लाकडी पाळणे माणसे हातांनी फिरवत. आता मोठे पाळणे विजेवर फिरतात. त्याहून वेगवान खेळ म्हणजे रोलर कोस्टर. मुंबईत गोराई येथे १९८९ साली सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डमध्ये तो होता. ते उद्यान २०२२ मध्ये बंद झाले. खोपोलीजवळच्या इमॅजिकात २०१३ साली ‘नायट्रो’ सुरू झाला.

अशा गाडीला इंजिन नसते. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते. पुढे गुरुत्वाकर्षणामुळे ती धावते. घर्षणाने तिचा जोर कमी होत जातो. म्हणून पहिला चढ सर्वांत उंच ठेवतात. प्रत्येकाचा अडसर तपासल्यावरच गाडी सुटते. तुम्हीही चालत्या पाळण्यात कधी उभे राहू नका. धाडस वेगळे, बेफिकिरी वेगळी!