मुले, पडदा आणि अंगण



गेल्या हिवाळ्यात आमच्या पिस्कॅटवेच्या घरी घडलेल्या एका लहानशा प्रसंगावरून हा लेख लिहावयास घेतला आहे. इस्राएलहून आमच्या थोरल्या ताईंचा फोन आला होता. हल्लीच्या फोनवर बोलणाऱ्याचे तोंडही दिसते. त्यांनी आमच्या आठ वर्षांच्या नातवाला विचारले, "काय रे बाळा, आज काय खेळलास?" त्याने एका खेळाचे नाव सांगितले. "किती जण होता?" "मी एकटाच." ताई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "एकट्याने खेळतात तो कसला रे खेळ?" तेव्हा आम्ही हसलो खरे, पण तो प्रश्न मनातून जाईना.

दोष मुलाचा नाही, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. ते यंत्र त्याच्या हाती आम्हीच दिले. घरातील कर्ती माणसे कामावरून अंधार पडल्यावर परततात. इकडे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बाहेर बर्फ असते. हाक मारताच दहा पोरे जमतील अशी वाडी किंवा चाळ इथे नाही. त्यात २०२० सालच्या साथीत शाळाच पडद्यावर आली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा शेजाऱ्यांच्या दारात दाटीवाटीने बसून आपणही ते पाहिलेच की! फरक इतकाच, की ती पेटी रात्री आपोआप बंद होत असे. आजचा पडदा कधीच मिटत नाही आणि तो खिशात मावतो.

तज्ज्ञ काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. दोन वर्षांच्या आतील मुलांना पडद्यापुढे बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ देऊ नये, आणि त्याहून कमी दिल्यास उत्तमच. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यांपैकी ६० मिनिटे तरी दमछाक होईल असे खेळावे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनाही दररोज सरासरी ६० मिनिटांचा असा व्यायाम हवा, असे ही संघटना सांगते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली अशाच सूचना देताना तान्ह्या मुलांसाठी एक सवलत ठेवली होती : दूरच्या आप्तांशी समोरासमोर बोलण्यासाठी पडदा चालेल. म्हणजे लोदच्या किंवा ठाण्याच्या आजीशी नातवाने बोलावे, त्याला हरकत नाही. पडदा माणसाकडे नेतो की माणसापासून दूर नेतो, हे पाहावयाचे.

डोळ्यांचाही विचार करावा. चीनमधील ग्वांगझू शहरातील बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. सहा शाळांत रोज ४० मिनिटांचा एक तास उघड्यावर घेण्यात आला. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा : बाहेर जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना लांबचे अंधुक दिसू लागले, तर इतर शाळांत हेच प्रमाण सुमारे ३९.५ टक्के होते. बाहेरचा लख्ख उजेड वाढत्या डोळ्यास मानवतो, असे मानले जाते.

शाळा किती करते?

न्यू जर्सी राज्याने २०१८ साली कायदा करून बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या मुलांना रोज किमान २० मिनिटांची खेळाची सुट्टी देणे शाळांना बंधनकारक केले. २०१९-२० च्या शालेय वर्षापासून तो अमलात आला. ती वीस मिनिटे मूल पूर्ण धावले असे धरले, तरी साठातली चाळीस उरतात. त्या चाळीस मिनिटांचा हिशेब घरानेच द्यावयाचा आहे.

एका गावाचा धडा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे ३,००० वस्तीचे गाव आहे. साथीनंतर शाळा उघडल्या, तरी मुलांच्या हातचा फोन सुटेना. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने एक ठराव केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, की घराघरांतील दूरचित्रवाणी व फोन बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, वाचावे, घरच्यांशी बोलावे. गावातील स्त्रियांनी ही कल्पना उचलून धरली आणि घरोघर जाऊन लोकांची समजूत घालण्यात आली.

त्यांचा हेतू अभ्यासाचा होता, आपला खेळाचाही आहे. पण मर्म एकच. बंदी एकट्या मुलावर नव्हती. थोरामोठ्यांचेही यंत्र त्याच क्षणी बंद होत असे. असा भोंगा आपल्याला परका नाही. जेरुसलेममध्ये शुक्रवारी सायंकाळी शब्बाथचा भोंगा होतो. कोकणात आपल्या पूर्वजांचे घाणे शनिवारी थांबत, म्हणून तर लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. ठरल्या वेळी हात थांबवण्याची सवय आपल्या घराण्यांत जुनीच आहे.

आपल्या घरी काय करता येईल?

१. रोज एक ठराविक वेळ सर्वांचे फोन एका टोपलीत ठेवावेत. आधी आजोबांचा, मग नातवाचा.

२. जेवताना व निजण्यापूर्वीचा एक तास पडदा नको. मुलाच्या खोलीत रात्री फोन ठेवू नये.

३. शाळेतून आल्यावर, उजेड आहे तोवर, आधी अंगण. पडदा काळोख पडल्यावर.

४. नुसते "ते ठेव" म्हणू नये, दुसरे काही हाती द्यावे. लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू पुरतो. लंगडीला तर काहीच लागत नाही. बर्फाच्या दिवसांत तळघरात सागरगोटे आणि फुगड्या होतात.

५. आठवड्यातून एकदा दोन-तीन कुटुंबांनी मिळून मुलांना बाहेर न्यावे. आमच्याकडे रॅरिटन नदीकाठचे जॉन्सन पार्क सोयीचे पडते.

आम्ही हा नियम सुरू केला तेव्हा पहिला आठवडा रडारडीत गेला. चौथ्या दिवशी आम्हीच चोरून फोन पाहताना पकडले गेलो आणि नातवाने तो हातातून काढून टोपलीत टाकला. राग आला, पण बोलावयास तोंड नव्हते. त्या दिवसापासून मात्र तो नियम त्यालाही आपलासा वाटू लागला. अजूनही काही दिवस चुकतात. पावसात, परीक्षेत, पाहुण्यांत चुकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करतो.

वसंतात ताईंचा फोन आला. प्रश्न तोच. उत्तर आले, "लगोरी. आम्ही सहा जण होतो. पण आजोबांना नेम धरता येत नाही." त्यावर आमच्या ताईंनी नेम कसा धरावा हे नातवाला हातवारे करून पाऊण तास शिकविले, तेही पडद्यावरूनच. तो वेळ आम्ही हिशेबात धरला नाही.