संगणकाची यादी

आपल्या सीमेवरच्या गावात शाळेच्या संगणकाला मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषा याव्या लागतात. फॉन्ट, कळफलक, प्रिंटर हे सारे कोणीतरी हाताने बसवतो. तो माणूस गाव सोडून गेला की काय काय बसवले होते ते कोणालाच सांगता येत नाही. ही अडचण आम्ही दोनदा सोसली, म्हणून निक्सओएस ही लिनक्स प्रणाली एका जुन्या संगणकावर घालून पाहिली.

तिचे मूळ नेदरलँड्समध्ये. एल्को डोल्स्ट्रा यांनी ‘निक्स’चे काम २००३ मध्ये सुरू केले आणि २००६ मध्ये त्यावर उत्रेख्त विद्यापीठात प्रबंध सादर केला. इथे ‘आधी हे कर, मग ते कर’ असे सांगायचे नसते. संगणकात काय असावे याची यादी एका फाइलीत लिहायची आणि ‘निक्सओएस-रिबिल्ड स्विच’ ही आज्ञा द्यायची. लग्नघरची किराणा यादी वाण्याकडे द्यावी तसे. फरक एवढाच की, यादीतली ओळ खोडली तर ती वस्तूही नव्या मांडणीतून जाते. वाणी काही दिलेला गूळ परत न्यायला येत नाही!

सुरुवात फार जड गेली. यादी दिसायला साधी, पण ती निक्सच्या स्वतःच्या भाषेत लिहावी लागते. एका राहिलेल्या अर्धविरामापायी पहिले दोन दिवस गेले. चुकीचा संदेश भलतीच ओळ दाखवी. जुन्या सवयीने ‘ईटीसी’मधली फाइल हाताने बदलायला गेलो, तर संगणक बदलू देईना. तिथल्या बहुतेक फाइली यादीवरून तयार झालेल्या असतात आणि फक्त वाचता येतात. इंटरनेटवरून उतरवलेला तयार प्रोग्रॅमही चालेना, कारण तो ज्या ठरलेल्या जागी लायब्ररी शोधतो तिथे त्या इथे नसतातच. हात शिवशिवत, पण प्रत्येक वेळी यादीकडेच परत यावे लागे.

मग एकदा आमच्याच चुकीने पडदा काळा झाला. संगणक पुन्हा सुरू केला, सुरुवातीच्या यादीतून आदली ‘पिढी’ निवडली आणि पाच मिनिटांत काम सुरू! मुलांचे निबंध मात्र असे परत येत नाहीत. त्यांची प्रत वेगळी ठेवावीच लागते. जुन्या पिढ्या डिस्क भरतात, त्या अधूनमधून काढाव्या लागतात.

विश्वस्तांसाठी एक गोष्ट: ही यादी पेन ड्राइव्हवर मावते. दुसऱ्या यंत्रावर नेताना त्या यंत्राच्या सुट्या भागांची नोंद तेवढी वेगळी करायची. प्रत्येक ओळ कशासाठी घातली, ते आठवीची मुले सध्या त्याच फाइलीत मराठीतून लिहीत आहेत.