शेगडी बदलायची, पण कोणी?



चूल ही आपली जुनी सोबतीण. तिला तडा गेला तर घरची बाई माती आणि शेण कालवते आणि दुपारपर्यंत चूल लिंपून मोकळी होते. त्यासाठी गवंडी बोलवावा लागत नाही. चुलीचे शास्त्र घरातच असते. आईकडून लेकीला, सासूकडून सुनेला ते मिळते.

आता पुष्कळ घरांत चुलीशेजारी गॅसची शेगडी आली आहे. 1 मे 2016 रोजी सरकारची उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाघरीही गॅस पोहोचला. धूर कमी झाला, डोळ्यांची चुरचुर कमी झाली. ही मोठी चांगली गोष्ट झाली. पण त्यातल्या कितीतरी शेगड्या आता जुन्या झाल्या आहेत. कुणाच्या शेगडीचे बटण अडकते, कुणाचा बर्नर गंजला आहे. नवी शेगडी घ्यायची वेळ आली आहे. ती बसवायची कोणी?

उत्तर आम्ही आधीच सांगतो. गॅस एजन्सीच्या शिकलेल्या मेकॅनिकने. आता त्याचे कारण पाहू.

"त्यात काय एवढं?"

अशी बोलणी घरोघर ऐकू येतात. दीर म्हणतो, "वहिनी, मेकॅनिक कशाला बोलावता? एक नळी तर काढायची अन् दुसऱ्या शेगडीला घालायची. मी विहिरीवरची मोटार बसवतो, ही शेगडी काय घेऊन बसलात!"

वहिनी म्हणते, "भाऊजी, मोटारीचं पाणी गळलं तर जमीन ओली होते. दिसतं तरी. हे गळलं तर काय दिसणार?"

वहिनीने अगदी नेमके बोट ठेवले. काम सोपे दिसते, हे खरे. पण काम बरोबर झाले की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. शिकलेला माणूस हवा तो यासाठीच.

गॅसचा स्वभाव

घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो. तो टाकीत दाबून भरलेला असतो, म्हणून पातळ असतो. बाहेर आला की त्याची हवा होते आणि तो फुगतो. एक लिटर पातळ गॅसचा सुमारे 250 लिटर वायू होतो. म्हणजे थोडी गळतीसुद्धा थोडी नसते.

हा गॅस हवेपेक्षा जड आहे. धूर वर जातो, कौलांतून निघून जातो. गॅस तसा जात नाही. तो खाली बसतो. ओट्याखाली, कोपऱ्यात, खाटेखाली साचून राहतो. हवेच्या शंभर भागांत त्याचे दोन भाग मिसळले तरी तो पेट घेऊ शकतो. मग काडीच ओढायला हवी असे नाही. दिव्याचे बटण दाबताना आत ठिणगी उडते. तेवढी पुरते.

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. पण पडसे झालेल्या माणसाला वास येत नाही. म्हाताऱ्या माणसांना कमी येतो. म्हणून नुसत्या नाकावर भरवसा ठेवून चालत नाही.

मेकॅनिक काय करतो?

तो आधी रेग्युलेटर बंद करून टाकीवरून काढतो आणि टाकीच्या तोंडाला टोपण घालतो. जवळपास दिवा किंवा चूल पेटती नाही ना, हे पाहतो. मगच नळीला हात लावतो.

नंतर तो नळी तपासतो. नळी वाकवली की बारीक चिरा दिसतात. चिरा असतील, किंवा नळीला पाच वर्षे झाली असतील, तर ती टाकून नवी घालतो. नवी शेगडी आणि जुनी नळी हा जोड म्हणजे नव्या बैलगाडीला कुजका दोर.

नळी शेगडीच्या नोझलवर पुरती चढली पाहिजे. काहीजण नळीचे तोंड विस्तवावर शेकून सैल करतात, म्हणजे ती पटकन बसते. पटकन बसते, तशीच पुढे पटकन निसटते. मेकॅनिक असे करत नाही.

शेगडी टाकीपेक्षा उंचावर आहे ना, टाकी उभी आहे ना, नळी शेगडीखाली तापणार नाही ना, खिडकी उघडते ना, हेही तो पाहतो.

शेवटी तो जोडावर साबणाचे पाणी लावतो. बुडबुडे आले तर गळती आहे. आले नाहीत तर जोड घट्ट आहे. गॅस डोळ्यांना दिसत नाही, पण साबणाचा बुडबुडा दिसतो. म्हणून हीच खरी परीक्षा. पेटती काडी जोडाजवळ नेऊन कधीही पाहू नये. गळती असली तर ती तपासणी राहत नाही, आग होते.

एवढे झाल्यावर तो शेगडी पेटवतो आणि ज्योत बघतो. ज्योत निळी हवी. पिवळी असेल, भांड्याला काजळी धरत असेल, तर काहीतरी चुकले आहे.

मुंबईहून आलेली शेगडी

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्या गावांतच जास्त घडते. मुलगा मुंबईत किंवा पुण्यात नोकरीला असतो. तो घरात नवी शेगडी घेतो. जुनी चांगली चालती असते. ती तो एस.टी.त घालून गावाकडे आईला आणून देतो. त्यात त्याची माया असते. पण त्यात एक धोकाही असू शकतो.

शहरात कितीतरी घरांत गॅस टाकीतून येत नाही. तो जमिनीखालच्या नळातून येतो. हा गॅस वेगळा. त्याचा दाब कमी असतो आणि आचही कमी असते. म्हणून त्या शेगडीच्या बर्नरखाली गॅस सोडणारे जे बारीक भोक असते, ते मोठे ठेवतात. त्या भोकाच्या पुर्जाला जेट म्हणतात.

तीच शेगडी गावी टाकीला जोडली की काय होते? मोठ्या भोकातून गॅस फार येतो. ज्योत उंच उठते, पिवळी होते. पदराला, केसांना लागू शकते. गॅसला पुरती हवा मिळत नाही आणि तो अर्धवट जळतो. अर्धवट जळण्यातून एक विषारी वायू होतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत माणूस त्याने झोपल्या जागी मरू शकतो.

बाहेरून दोन्ही शेगड्या सारख्याच दिसतात. आतले जेट मेकॅनिकच ओळखतो. बदलण्याजोगे असेल तर बदलतो, नाहीतर "ही शेगडी वापरू नका" असे स्पष्ट सांगतो. शहरात नळाच्या गॅसवर नवी शेगडी लावायची असेल तर तिथेही गॅस कंपनीने नेमलेलाच माणूस बोलवावा लागतो.

"पण पैसे लागतात ना?"

लागतात. ते आम्हाला ठाऊक आहे. मजुरीच्या घरात प्रत्येक रुपया मोजावा लागतो. म्हणून आधी एजन्सीत जाऊन दर विचारावा आणि पैसे दिल्यावर पावती घ्यावी. पावती म्हणजे नुसता कागद नव्हे. काम कोणी केले आणि कधी केले, याचा तो पुरावा. तेल कंपन्यांनी गॅसच्या अपघातांसाठी विमा उतरवलेला असतो. दुर्दैवाने काही घडले आणि एजन्सीला लेखी कळवायची वेळ आली, तर आपल्याजवळचे कागद उपयोगी पडतात. पण विम्याने भाजलेला हात पूर्वीसारखा होत नाही. म्हणून खर्चाचा हिशेब आधीच करावा.

आता तुम्हाला वाचता येते

पूर्वी कोणीही पिशवी घेऊन दारात आला आणि "मी गॅसवाला" म्हणाला, की त्याला आत घ्यावे लागे. आता तसे नाही. त्याचे ओळखपत्र मागा. नाव वाचा, फोटो पाहा, एजन्सी आपलीच का ते पाहा. संशय आला तर एजन्सीला फोन करा. शेगडीवर आय.एस.आय.ची खूण आहे का आणि तिच्याजवळ 4246 हा आकडा आहे का, ते पाहा. नळीवर छापलेली तारीख वाचा. खरा मेकॅनिक अशाने रागावत नाही.

लक्षात ठेवा

गॅसचा वास आला तर काडी ओढू नका. विजेचे कोणतेही बटण दाबू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करा. दारे-खिडक्या उघडा. लेकरांना, म्हाताऱ्यांना बाहेर काढा. अंगणात लांब जाऊन 1906 या क्रमांकावर फोन करा. तो रात्रंदिवस चालू असतो. हा आकडा स्वयंपाकघराच्या दारावर तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.

प्रश्न

1. गॅस खाली का साचतो?
2. जोड घट्ट आहे की नाही हे कशाने तपासतात? काडीने का तपासू नये?
3. नळाच्या गॅसची शेगडी टाकीला जोडली तर काय होते?
4. तुमच्या घरातल्या नळीवर कोणती तारीख आहे? ती वाचून घरच्या मंडळींना सांगा. पाच वर्षे झाली असतील तर उद्याच एजन्सीत जा.