स्वमूल्यमापनातून गुणवत्तेकडे
जळगाव येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या, आजच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येतात. परीक्षेत गुण कळतात. परंतु चूक कोठे झाली, हे विद्यार्थ्यास क्वचितच उमगते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय प्रगतिपत्रकात स्वमूल्यमापन व सहाध्यायी मूल्यमापन यांना स्थान दिले. महाविद्यालयांनाही हा मार्ग अनुसरता येईल. प्राध्यापकाने निकष आधी जाहीर करावेत. विद्यार्थ्याने ऑनलाइन पद्धतीने प्रथम स्वतःचा निबंध तपासावा. नंतर सहाध्यायांचे दोन निबंध, नावे न कळता, तपासून प्रत्येकाची एक जमेची बाजू व एक सुधारणा नोंदवावी. अभिप्रायांत तफावत दिसेल तेथे प्राध्यापकाने मार्गदर्शन करावे.

इंटरनेटची सोय नसलेल्या खेड्यांतील विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयातील संगणक खुले असावेत. सहाध्यायांचे गुण अंतिम निकालात धरू नयेत. निबंध सुधारून पुन्हा लिहिण्याची संधी मिळाली, तरच अभिप्राय सार्थकी लागेल.