सायकीच्या दोन बहिणी

इंग्रजी काव्य शिकवितांना सायकी हें नांव वारंवार येतें. कीट्स कवीनें १८१९ सालीं तिजवर एक स्तोत्रवजा कविता रचिली; युरोपांतील चित्रकारांनीं व मूर्तिकारांनींहि तिला पुष्कळ वेळां रंगविली आणि घडविली आहे. म्हणून वरच्या इयत्तांस तिची कथा सांगण्याचा प्रसंग आम्हांस दरवर्षीं येतो. गेल्या वर्षीं कथा संपवून आम्ही फळ्याकडे वळलों, तोंच मागल्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, “सर, त्या दोन बहिणींचें पुढें काय झालें?” आम्हीं उत्तर दिलें कीं, त्यांना त्यांच्या करणीचें फळ मिळालें, आणि पुस्तक उघडण्यास सांगितलें. हें उत्तर खोटें नव्हतें, परंतु तें पुरतें खरेंहि नव्हतें. तें मनाला टोंचत राहिलें, म्हणून मूळ कथा पुन्हां वाचून हा लेख लिहीत आहों.

ही कथा ग्रीक पुराणांतली, असें आपण सर्रास म्हणतों. परंतु ती जिच्यामुळें आपणांस ठाऊक झाली ती जुनी संहिता लॅटिन आहे. तिचा कर्ता अपुलेयस. तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत उत्तर आफ्रिकेंतील मदौरा या गांवीं जन्मला. हा मुलूख आज अल्जीरिया देशांत मोडतो. त्याचा ‘रूपांतरें’ नांवाचा अकरा भागांचा ग्रंथ आहे. ‘सोन्याचें गाढव’ या नांवानेंहि लोक तो ओळखतात. लॅटिन भाषेंतील कादंबऱ्यांपैकीं संपूर्ण स्वरूपांत आपल्या हातीं आलेली अशी ही एकच. तींत ल्युशियस नांवाचा तरुण जादूचें भलतेंच मलम अंगास लावून घेतो व गाढव होऊन बसतो. चोर त्याला आपल्या गुहेंत नेतात. त्याच गुहेंत लग्नाच्या दिवशीं पळवून आणिलेली कॅरिटी नांवाची मुलगी रडत असते. तिचें मन रमावें म्हणून चोरांचें घर सांभाळणारी म्हातारी तिला ही कथा सांगते. आटपाट नगराच्या कहाण्यांसारखाच आरंभ आहे: कोणे एके नगरीं एक राजा, एक राणी आणि त्यांच्या तीन मुली. गाढव शेजारीं उभें राहून सारें ऐकतें, आणि इतकी सुंदर कथा लिहून घ्यावयास आपणापाशीं पाटी-लेखणी नाहीं म्हणून हळहळतें!

धाकटी मुलगी सायकी. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थ आत्मा. फुलपांखरूं असाहि होतो. तिचें रूप असें कीं, लोक व्हीनस देवीचीं देवळें ओस टाकून तिलाच फुलें वाहूं लागले. देवी कोपली. तिनें आपला पुत्र क्युपिड यास आज्ञा केली कीं, या पोरीचें मन जगांतील अत्यंत हीन पुरुषावर जडव. क्युपिड हा आपल्याकडील मदनाचा भाऊबंदच. धनुष्यबाण त्याच्याहि हातीं असतो, मात्र त्याला पंख आहेत. तो आज्ञा पाळावयास गेला आणि स्वतःच तिच्या प्रेमांत सांपडला. इकडे सायकीला मागणी येईना. राजानें देवाचा कौल घेतला. कौल मिळाला कीं, मुलीला मरणाचा शृंगार करून डोंगराच्या कड्यावर सोडून या. सर्पासारखा क्रूर, पंख असलेला प्राणी तिचा वर होणार आहे. लग्नाची वरात आणि प्रेतयात्रा एकच झाली. परंतु कड्यावरून पश्चिमेच्या वाऱ्यानें तिला अलगद उचलून दरींत उतरविलें. तेथें एक राजवाडा होता. त्यांत चाकरांचे आवाज ऐकूं येत, चाकर दिसत नसत. रात्रीं काळोखांत पति येई आणि उजाडण्यापूर्वीं निघून जाई. त्याची अट एकच: माझें तोंड पाहूं नकोस.

दोघी बहिणी भेटीस आल्या, तें वैभव पाहून जळूं लागल्या, आणि तुझा पति म्हणजे मोठा सर्प आहे, तो तुला एक दिवस गिळणार, असें त्यांनीं तिच्या मनांत भरविलें. सायकीनें वस्तरा आणि दिवा तयार ठेविला. उजेडांत दिसला तो सर्प नव्हे, साक्षात् प्रेमाचा देव. ती पाहत राहिली, तोंच दिव्यांतील कढत तेलाचा एक थेंब त्याच्या उजव्या खांद्यावर पडला. तो जागा झाला व उडाला. जातांना म्हणाला कीं, तुझ्या सल्लागारणींना मी लवकरच शासन करीन. तुला मात्र माझ्या वियोगाचीच शिक्षा.

येथपर्यंत कथा सर्वांना ठाऊक असते. यापुढचा भाग मुलांच्या पुस्तकांत बहुधा गाळलेला असतो, आणि आम्हींहि तो इतकीं वर्षें गाळीत आलों.

सायकी नदींत जीव देऊं पाहते. नदी तिला कांठावर आणून ठेवते. मग भटकत भटकत ती एका बहिणीच्या गांवीं जाते. तेथें ती तिला दोष देत नाहीं, तिजवर रागें भरत नाहीं. ती सांगते कीं, दिवा लावून पाहिलें तों पति क्युपिड निघाला. त्यानें मला हांकून दिलें आणि तुझें नांव घेऊन तुझ्याशीं विवाह करणार असें म्हणाला. बहीण आईबाप वारल्याची थाप नवऱ्याला देऊन धांवत सुटते, कड्यावर उभी राहते, वाऱ्याला हांक मारते आणि उडी घालते. वारा येत नाहीं. खडकांवर तिच्या देहाच्या चिंधड्या होतात व त्या पशुपक्ष्यांच्या मुखीं पडतात. नंतर सायकी दुसरीकडे जाते. पुन्हां तीच गोष्ट, तोच कडा.

हें वाचून आम्ही बराच वेळ थांबलों. जिला एक अट पाळतां आली नाहीं तिनें ही थाप किती बेमालूम मारिली! बहिणींनीं तिला भय घालून फसविलें. तिनें त्यांना लोभ दाखवून फसविलें. कोणी म्हणतील कीं, शासनाचा शब्द क्युपिडचा होता व सायकी केवळ निमित्त झाली. असें म्हणण्यास मूळांत आधार आहे. तरी पण बहिणींच्या दारापर्यंत पाय तिचे चालले आणि जीभ तिची बोलली. म्हातारी यावर दोषाचा एक शब्दहि बोलत नाहीं. पुढच्याच प्रसंगांत सायकी पुन्हां भोळी, भित्री आणि सर्वांच्या दयेस पात्र झालेली असते.

व्हीनसचा सूड मात्र उघड उघड आहे. सायकी सेरीज देवीच्या देवळांत जाते. मग जूनोच्या पायां पडते. दोघींनाहि तिची कींव येते, परंतु दोघीहि तिला घालवून देतात. एकीला व्हीनसशीं असलेलें नातें मोडवत नाहीं. दुसरी म्हणते कीं, पळालेल्या दासीला आश्रय देण्यास कायद्याची मनाई आहे. दया येऊनहि दार लावून घेणारीं माणसें आपण पाहिलीं आहेत. अपुलेयसनें तीं देवलोकांतहि बसविलीं. शेवटीं सायकी आपण होऊन व्हीनसच्या स्वाधीन होते. देवीच्या दोन दासी, चिंता आणि उदासी, तिला फटके मारतात. मग कामें सुरू होतात.

पहिलें काम आमच्या वाचकांच्या घरांतील आया-बहिणींना चटकन् समजेल. गहूं, जव, वरीसारखें बारीक धान्य, खसखस, हरभरे, मसूर आणि वालाच्या जातीचे दाणे, या सर्वांची एकच रास करून देवी म्हणते, संध्याकाळपर्यंत निवडून वेगवेगळे ढीग लाव. नुसती खसखस आणि वरी एकत्र झाली तरी सुपापुढें बसणारीचे डोळे जातील! सायकी हातच लावीत नाहीं. सुन्न होऊन बसते. मुंग्यांना दया येते आणि त्या दाणा दाणा वेगळा करतात. दुसरें काम, मारक्या मेंढ्यांची सोनेरी लोंकर आणणें. नदीकांठचा बोरू तिला सांगतो कीं, दुपारचें ऊन उतरूं दे. मेंढ्या थंड झाल्या म्हणजे झाडांना अडकलेली लोंकर वेंचून घे. तिसरें, उंच सुळक्यावरील स्टिक्सच्या झऱ्याचें पाणी. तें ज्युपिटरचा गरुड भरून देतो. चौथें काम पाताळांतील राणी प्रॉसर्पिना हिच्याकडून थोडें सौंदर्य डबींत आणण्याचें. येथें एक बुरूज बोलूं लागतो व तिला वाट सांगतो: तोंडांत दोन नाणीं ठेव, दारावरील कुत्र्यासाठीं जवाच्या पिठाचे दोन गोळे घे, आणि वाटेंत कोणी मदत मागितली तरी थांबूं नकोस.

ज्या मोठ्या देवींनीं दार लाविलें त्यांच्याऐवजीं मुंगी, बोरू आणि दगडी बुरूज पुढें आले. हा भाग आम्हांला सर्वांत प्रिय आहे. परंतु सायकी शेवटच्या कामांत हरते. पतीला आपण सुंदर दिसावें म्हणून ती डबी उघडते. आंत सौंदर्य नसून मृत्यूसारखी झोंप असते, आणि ती वाटेंतच कोसळते. पाहूं नको म्हटलेलें पाहण्याची ही तिची दुसरी खेप. एव्हांना क्युपिडचा खांदा बरा झालेला असतो. तो खिडकींतून निसटून येतो, ती झोंप पुसून पुन्हां डबींत भरतो आणि तिला जागी करतो. मग ज्युपिटर सभा बोलावितो (न येणाऱ्या देवाला दहा हजार नाण्यांचा दंड!), सायकीला अमृताचा पेला देतो आणि लग्न लागतें. व्हीनस त्या लग्नांत नाचते. पुढें त्यांना मुलगी होते. तिचें नांव आनंद.

उद्धार झाला तो योग्यतेच्या बळावर झाला नाहीं, हें स्पष्ट आहे. परंतु त्या आनंदांत दोन बहिणींची आठवण कोणालाहि होत नाहीं. आणखी एक गोष्ट. जिला ही कथा सांगितली ती कॅरिटी पुढें सुटते, तिचें लग्न होतें, आणि आठव्या भागांत तिच्या नवऱ्याला एक खोटा मित्र शिकारींत ठार मारतो. ती त्या खुन्याला गोड बोलून बोलावते, औषध घालून निजविते, केंसांतील कांट्यानें त्याचे डोळे फोडते, आणि नवऱ्याच्या थडग्यापाशीं आपला जीव देते. गुहेंत ऐकलेल्या कथेंतून तिनें कोणता भाग मनांत ठेविला असेल, असा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. या कथा वडील मंडळी समजतात तितक्या निरुपद्रवी नसतात. आणि भाग गाळल्यानें त्या निरुपद्रवी होत नाहींत.

बहिणींचा प्रश्न मनाला लागलेला एक लेखक आम्हांस आढळला. तो सी. एस्. लेविस, मुलांना त्याच्या नार्नियाच्या कथा ठाऊक असतील. कॉलेजांत असल्यापासून तो सायकीची कथा नव्यानें सांगूं पाहत होता. प्रथम पद्यांत प्रयत्न केला, तो साधला नाहीं. अखेर १९५६ सालीं ‘टिल् वुई हॅव फेसेस’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तींत कथा सांगते ती थोरली बहीण, ओरुअल. ती कुरूप आहे, आणि तिनेंच सायकीला आईसारखें वाढविलें आहे. लेविसनें फरक केला तो असा कीं, या बहिणीला राजवाडा दिसतच नाहीं. तिला दिसते ती उघड्या दरींत फाटक्या वस्त्रांत उभी असलेली बहीण. मग ती मत्सरानें नव्हे, प्रेमानें हट्ट धरते. स्वतःच्या दंडांत खंजीर खुपसून सायकीकडून दिवा लावण्याचें वचन घेते. पुढें ती राणी होते व जन्मभर तोंडावर बुरखा घेते. एका परक्या देवळांत पुजारी हीच कथा सांगत असतो. तींत बहिणी मत्सरी असतात. तें ऐकून ती संतापते आणि देवांवर फिर्याद लिहिते. परंतु देवांपुढें ती वाचण्याची पाळी येते तेव्हां तिच्या तोंडून वेगळेंच बाहेर पडतें: सायकी माझी होती, तुम्हीं ती घेतलीच कशी? येथें तिला कोणी कड्यावरून लोटीत नाहीं. उलट तिला कळतें कीं, सायकीच्या त्या कठीण कामांतलें दुःख इतकीं वर्षें आपणच सोशीत होतों, म्हणून सायकीला तीं कामें सोपीं गेलीं.

हें सारें आम्हीं त्या मुलीला मागील महिन्यांत सांगितलें, आणि आमचें पहिलें उत्तर अपुरें होतें हेंहि सांगितलें. तिनें ऐकून घेतलें व लगेच विचारलें, “आणि दुसरी बहीण?” या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें. लेविसच्या कादंबरींत तिचें नांव रेडिव्हल. ती उथळ आहे, चहाडखोर आहे, आणि ओरुअल तिचा जन्मभर तिटकारा करते. म्हातारपणीं एक जुना ओळखीचा मनुष्य ओरुअलला सहज बोलून जातो कीं, ती पोर फार एकटी होती. तुम्ही पूर्वीं तिजवर माया करीत होतां, मग गुरु आले तेव्हां ती कमी झाली, आणि सायकी जन्मली तेव्हां मुळींच राहिली नाहीं. ओरुअलला हें तोंवर कधीं सुचलेंहि नव्हतें.