सी-अर्चिनचे भ्रूण आणि विषारी धातू

कंटकचर्मी प्राण्यांचा संघ शिकताना तारामाशाच्या शेजारी सी-अर्चिनचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. चेंडूसारखे शरीर आणि त्यावर सर्व बाजूंनी काटे, एवढेच बहुधा लक्षात राहते. परंतु हे काटे प्रौढ प्राण्याचे. मादी आपली लक्षावधी अंडी सरळ समुद्रात सोडते, नर शुक्रपेशी सोडतो आणि फलन उघड्या पाण्यातच होते. फलनानंतर मिनिटाभरात अंड्याभोवती एक पातळ आवरण उचलले जाते खरे; पण ते दुसऱ्या शुक्रपेशीला रोखते, पाण्यात विरघळलेल्या धातूला नाही. खाणींतून व कारखान्यांतून आलेले कॅडमिअम, पारा किंवा शिसे त्या पाण्यात असेल, तर ते भ्रूणाच्या पेशींना थेट भिडते. गर्भाशय नाही, आईची राखण नाही. असा भ्रूण तगतो कसा, हे आम्हांला येथे पाहावयाचे आहे.

या प्राण्याची निवड शास्त्रज्ञांनी उगाच केलेली नाही. त्याचे भ्रूण पारदर्शक असतात व सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणीच पाहता येतात. 1875 मध्ये ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रातील सी-अर्चिनच्या अंड्यातच शुक्रपेशीचे व अंडपेशीचे केंद्रक एकत्र येताना पाहिले. त्याच समुद्रातील पॅरासेंट्रोटस लिव्हिडस या जातीच्या भ्रूणांवर इटलीतील सिसिली बेटावरील पालेर्मो येथे कॅडमिअमचे प्रयोग दीर्घकाळ झाले आहेत. फलनापासून साधारण दोन दिवसांत या भ्रूणाची तरंगती अळी तयार होते, त्यामुळे विषाचा परिणामही लवकर दिसतो.

कॅडमिअमचा घातकपणा त्याच्या तोतयेगिरीत आहे. त्याचा आयन आकाराने कॅल्शिअमच्या आयनाशी जवळजवळ जुळतो, म्हणून कॅल्शिअमसाठी असलेल्या वाटांनी तो पेशीत शिरतो. अळीचा नाजूक सांगाडा कॅल्शिअम कार्बोनेटचा असल्याने सांगाड्याची वाढ खुंटते. शिवाय प्रथिनांतील गंधकाला चिकटून तो त्यांची रचना बिघडवतो.

पहिला बचाव प्रद्रव्यपटलावर होतो. नको असलेली रसायने बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंप तेथे असतात आणि फलनानंतर अर्ध्या तासाच्या आतच त्यांचे काम वाढते. त्यांतूनही जो धातू आत शिरतो, त्याला मेटॅलोथायोनिन नावाची छोटी प्रथिने बांधून ठेवतात. त्यांत सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असते. कॅडमिअमला गंधकाची जी ओढ असते, तिचाच येथे सापळा होतो. ज्या प्रथिनांची घडी तरीही विसकटते, त्यांना सावरण्याचे काम उष्माघात प्रथिने करतात. नाव उष्णतेचे असले तरी धातूच्या माऱ्यातही ती तयार होतात.

एवढ्यानेही भागले नाही तर? पालेर्मोच्या प्रयोगांतील आम्हांला सर्वांत विचारप्रवर्तक वाटलेला भाग येथून सुरू होतो. पेशी आपलीच बिघडलेली अंगके पटलात गुंडाळून लयकारिकेकडे पाठविते व तेथे ती पचविली जातात. या स्वभक्षणाची यंत्रणा यीस्टमध्ये उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅडमिअममध्ये वाढणाऱ्या भ्रूणांत हे स्वभक्षण सुमारे 18 तासांनी शिखर गाठते. त्यानंतर, 24 तासांच्या सुमारास, नियोजित पेशीमृत्यू वाढतो: ज्या पेशी दुरुस्त होण्यापलीकडे गेल्या त्या स्वतःच स्वतःला संपवितात. प्रथम दुरुस्ती आणि मग त्याग, असा हा क्रम.

हा केवळ योगायोग आहे की एकावर दुसरे अवलंबून आहे? संशोधकांनी औषध घालून स्वभक्षण थांबविले, तर पेशीमृत्यूही घटला. मग त्यांनी पेशींना ऊर्जा मिळेल असा पदार्थ बाहेरून पुरविला, तेव्हा पेशीमृत्यू पुन्हा वाढला. म्हणजे व्यवस्थित मरण्यासाठीही पेशीला ऊर्जा लागते आणि संकटात ती स्वतःच्या मोडतोडीतून मिळत असावी. प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना एक कारण काढून घेऊन परिणाम पाहण्याची ही रीत परकी वाटणार नाही. मात्र ‘त्याग’ हा शब्द आमचा आहे. पेशीला हेतू नसतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. या प्रयोगांत वापरलेली कॅडमिअमची मात्रा सामान्य समुद्रजलातील प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक होती. तथापि त्याच जातीच्या अळ्यांना कमी मात्रेत अनेक दिवस वाढविले असता त्यांच्यातही विकृती व पेशीमृत्यू आढळले. मात्रा थोडी, पण ती साचत जाते.

हे साचणे माणसातही घडते. मेटॅलोथायोनिन आपल्या यकृतात व मूत्रपिंडातही आहे. 1957 मध्ये त्याचा शोध घोड्याच्या मूत्रपिंडातच लागला. ते कॅडमिअमला बांधते, परंतु बांधणे म्हणजे बाहेर टाकणे नव्हे. बांधलेला धातू मूत्रपिंडात दहा-वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ राहतो. तंबाखूचे रोप जमिनीतील कॅडमिअम शोषून पानांत साठविते, म्हणून धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात तो न करणाऱ्यापेक्षा अधिक सापडतो.